कल्ल्यांची केतकी

भामिनी तांडेलच्या मुलीला सातव्या वर्षी कल्ले फुटले, त्यामुळे ती मत्स्य खात्याच्या अखत्यारीत गेली.

डॉक्टर म्हणाले, जनुकात बदल झालाय, त्याला औषध नाही. दिवसातून एकदा समुद्राच्या वाहत्या पाण्यात बुडवा, घरी भरून आणलेलं चालायचं नाही, नाहीतर गुदमरेल. खात्याचे पाटणकर साहेब घरी आले, चहा प्यायले आणि केतकीची मान निरखून बघत म्हणाले, "पावसाळ्यात मासेमारीला बंदी आहे. तोवर हिला कुणी हात लावणार नाही."

"आणि बंदी उठल्यावर?" भामिनीने विचारलं.

"पाण्यातली मासळी ज्याच्या जाळ्यात येईल त्याची. त्यात आम्ही काय करणार, बाई?"

बंदी उठली तसा तिच्या नवऱ्याने, हरेश्वरने, मार्ग काढला. रोज पहाटे तो केतकीला होडीतून पाण्यात सोडी आणि कल्ले भिजले की स्वतःच जाळं टाकून वर घेई. बाकीच्या होड्या जरा लांब उभ्या असत. हरेश्वरचं जाळं पडलं की ते लोक आपल्या वाटेने निघून जात. कुणी वाईट बोलत नसे. जाळ्याच्या गाठींनी पोरीच्या पाठीवर वळ उठले होते. भामिनी त्यांना खोबरेल लावी.

मग हरेश्वर तापाने आडवा झाला. एक दिवस केतकीला घरीच ठेवलं, तर संध्याकाळपर्यंत तिचे ओठ काळेनिळे पडले. दुसऱ्या पहाटे भामिनीने वल्हं हातात घेतलं.

"आई, तुला जाळं येतं ना?" केतकीने विचारलं.

"येतं," भामिनी म्हणाली आणि तिला पाण्यात सोडलं.

जाळं तिच्या हातून गोळा होऊन पडलं. ते ओढून पुन्हा फेकेपर्यंत शेजारच्या होडीतून जयवंतचं जाळं उघडलं, पानासारखं गोल. जयवंत हरेश्वरचा चुलतभाऊ. पाण्याखाली केतकीने एकदाच उसळी मारली.

"जयवंत, अरे आपली केतकी आहे ती! बारशाला तुझ्याच मांडीवर होती!"

"ठाऊक आहे, वहिनी," जयवंत म्हणाला. "म्हणून तर हळू ओढतोय."

दुसऱ्याच्या भरल्या जाळ्याला आडवं जायचं नाही, हा त्या बंदराचा रिवाज होता. भामिनीने होडी बाजूला घेतली आणि त्याला वाट दिली.