धनश्रीचे वीस नमुने

डॉ. धनश्रीची नोकरी मार्चअखेर संपणार होती. मुदत वाढवायची की नाही हे ठरवणार होते पुण्यातल्या प्रयोगशाळेचे प्रमुख धर्मराज सर, आणि सरांची अट एकच: "तुझ्या गावातल्या वीस माणसांचं रक्त आण." मलेरियाशी कुणाचं शरीर किती झुंजतं, हे मोजायची चाचणी सरांनी स्वतः शोधलेली. गेली तीस वर्षं त्यांचं नाव त्याच चाचणीवर चाललं होतं.

धनश्री शिरूर कासारजवळच्या आपल्या गावी गेली आणि तिथंच घोळ झाला. माहेरी आलेल्या लेकीनं एका घरी चहा घेतला की दुसऱ्या घरी नाही म्हणायची सोय नसते. ती सात घरचा चहा पीत बसली आणि बोटं टोचायचं काम गावच्या आशा कार्यकर्त्या छबूकाकूंवर सोपवलं. परत येते तो काय, रक्ताचे थेंब लावलेली वीस कार्डं नंबर घालून तयार! पोरीला कोण आनंद झाला.

पुण्यात चाचणी झाली. सात नंबरच्या गृहस्थांची ताकद अफाट, बारा नंबरच्यांची शून्य, बाकीचे अधेमधे. "माझं गणित तंतोतंत!" सर इतके हरखले, की या दोघांचे फोटो काढायला जातीनं गावात हजर झाले.

"सात नंबर कोण?"

छबूकाकूंनी मेंढरं वळणाऱ्या सिदूमामांना पुढं केलं. फोटो झाला.

"आता बारा नंबर. बिचाऱ्याला जपायला सांगितलं पाहिजे."

छबूकाकूंनी पुन्हा सिदूमामांनाच पुढं केलं.

"अहो, हे तर सात नंबर!"

"बारा बी त्येच. ईसच्या ईस त्येच हायेत की."

धनश्री घाईनं पुढं झाली. "काकू, कावून असं केलंत?"

"रेशनच्या रांगंला कसं करतो आपुन? चपला ठिवायच्या न् कामाला जायचं. चप्पल हाय म्हंजी मानूस हाय. चपला ईस, मानसं रानात. ह्यो यकटाच रिकामा."

सिदूमामांनी दोन्ही पंजे पसरले. "धा बोटं, दोन फेऱ्या. गावची लेक हाय, तिचं काम कावून अडावं? लई दुखलं, पन बोललो न्हाई."

गेली नोकरी! धनश्रीला रडू कोसळायचंच बाकी होतं. तिनं भीत भीत सरांकडं पाहिलं. सर ओरडेनात. ते पांढरेफटक पडून सिदूमामांच्या बोटांकडं बघत होते. माणूस एक, रक्त एक, आणि चाचणीनं त्यातून एक पहिलवान काढला न् एक मरतुकडा! आता कुठं धनश्रीच्या डोक्यात प्रकाश पडला. रडू पळालं.

सरांनी तिला लिंबाखाली नेलं. "धनश्री, हे... आपल्यातच राहू दे."

धनश्रीनं पर्समधून मुदतवाढीचा कागद काढला. "पाच वर्षं लिहा, सर. नवी चाचणी शोधायची म्हणजे तेवढी लागतीलच."

सरांनी घाम पुसला, पेन काढला आणि टेकवायला जागा शोधू लागले.

सिदूमामा लगबगीनं पुढं आले आणि पाठ वाकवून उभे राहिले. "घ्या सायेब, हितं ठिवून करा सही."