टेबलाखालचं जेवण

शर्वरीने मोबाईल तांदळाच्या डब्यात पार तळाशी पुरला आणि हात झटकले.

"आज कार्टून नाही. नुसतं वरणभात."

अडीच वर्षांच्या जुईलीने ओठ घट्ट मिटले.

कार्टून होतं जुन्या महायुद्धाच्या काळातलं, काळंपांढरं. त्यात एक बोकड शिपाई होता. भोंगा वाजला की तो डोक्यावर पातेलं घालून टेबलाखाली घुसायचा आणि तिथे लपवलेलं सेनापतीचं जेवण फस्त करायचा. जुईली हसायला तोंड उघडायची, त्यात शर्वरी घास सारायची. सासूबाईंनी, म्हणजे नाशिकच्या मालनताईंनी, हे व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि निकाल दिला, "मोबाईलशिवाय जेवत नसेल, तर सहा महिने माझ्याकडे पाठव. मी लावते वळण."

सहा महिने! जुईली कुशीत नसेल तर शर्वरीला दुपारची डुलकीसुद्धा लागत नसे.

"आ कर गं, माझी बाय."

"नो."

तेवढ्यात आखातातल्या त्यांच्या अख्ख्या हवल्ली वस्तीवर भोंगा घुमला. शर्वरीच्या हातातून चमचा पडला. शेजारची झुलेखा दारातून ओरडली, "टेस्ट है भाभी, सायरन का टेस्ट! मोबाईल पे मेसेज नहीं देखा?"

मेसेज तांदळात होता.

शर्वरी वळली तर खुर्ची रिकामी. जुईली डोक्यावर दुधाचं पातेलं घालून टेबलाखाली बसली होती.

"बाहेर ये, पिल्लू."

"नो! आई, हेल्मेट!"

शर्वरीने वाटीकडे पाहिलं. पदर खोचावा तशी ओढणी खोचली, भाताचं पातेलं अंबाड्यावर दाबलं आणि रांगत आत शिरली. जुईली खदखदून हसली. तोंड उघडलं. घास गेला. भोंगा थांबला तरी घास जातच राहिले. वाटी चाटूनपुसून साफ!

बाहेर आल्यावर कळलं, की पातेलं अंबाड्यात अडकलंय. झुलेखा तेल चोळत होती, तेवढ्यात तांदळात फोन वाजायला लागला. अर्धा डबा ओट्यावर उपसून शर्वरीने तो उचलला.

"अगं, डोक्यावर काय ते?" मालनताई किंचाळल्या.

"पातेलं, आई. पण जेवली! मोबाईलशिवाय! ही बघा वाटी."

मालनताईंनी स्क्रीनला नाक लावून वाटी तपासली. "सगळं वरण?"

"सगळं."

दुसऱ्या दिवशी भोंगा काही वाजला नाही. शर्वरीने तोंडाने काढून पाहिला, तर जुईली म्हणाली, "नॉट रिअल." ओठ पुन्हा मिटले. नेमका तेव्हाच फोन आला.

"जेवली का?"

"नाही हो, आई. भोंगा हवाय तिला."

"फोन तिच्यासमोर धर." मालनताईंनी मागे वळून घरात कोणी नाही ना ते पाहिलं, पितळी पातेलं डोक्यावर चढवलं आणि डोळे मिटून सूर लावला, "ऊंऽऽऽऽऽ!"

जुईली टाळ्या पिटत टेबलाखाली पळाली.

"पण आई, मोबाईलशिवाय ठरलं होतं ना?"

"गप गं! तोंड उघडलंय तोवर घास दे. ऊंऽऽऽऽऽ!"