तोकड्या विम्याची भरपाई आणि माझी भीड

भरपाई वसूल करणं म्हणजे काय हो, दोन फोनचं काम! असं मी मार्लिसला म्हणालो, तेव्हा तिने कॉफीचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. बायको नुसतं पाहते तेव्हा शहाण्या नवऱ्याने थांबावं. मी थांबलो नाही.

"अगं, यासाठीच तर जास्तीचा विमा घेऊन ठेवलाय मी! समोरच्याचा विमा तोकडा पडला, की उरलेली भरपाई आपली कंपनी देते. याला दूरदृष्टी म्हणतात!"

"दूरदृष्टी? त्या एजंटला नाही म्हणता आलं नाही म्हणून घेतलास तू तो, व्हर्न."

तेही खरंच होतं म्हणा. बिचारा थंडीत दारात उभा होता. त्याला नाही कसं म्हणणार? आमच्या विस्कॉन्सिनमध्ये माणूस एकवेळ जीव देईल, पण समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ देणार नाही.

अपघात झाला तोही असाच. ड्वेन पोकोर्नीचं तळ्याकाठी गळाला लावायच्या जिवंत माशांचं दुकान आहे. माशांची बादली मांडीवर घेऊन तो गाडी चालवत होता. बादली कलंडली, मासे पायात वळवळले आणि ड्वेन चौकातली 'थांबा' लिहिलेली पाटी आडवी करून थेट माझ्या गाडीत घुसला. मी बाहेर आलो. उजवा हात लोंबतोय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, आणि मी पहिलं वाक्य काय बोलावं?

"सॉरी हं, ड्वेन!"

"छे छे, सॉरी मी!"

"नाही रे, मीच जरा आधी निघायला हवं होतं."

पोलिसाने येऊन विचारलं, "चूक कोणाची?" "माझी" म्हणून आम्ही दोघांनी हात वर केले. माझा अर्धाच गेला! शेवटी ती पाटीच ड्वेनच्या चाकाखाली सापडली, म्हणून त्याची चूक ठरली.

ड्वेनचा विमा कायद्याला लागतो तेवढाच, अगदी लंगोटीएवढा. तो इस्पितळाच्या पहिल्याच बिलात संपला. आणि खांद्याचं ऑपरेशन तर बाकीच होतं! मी पडलो रंगारी. हात खांद्याच्या वर जाईना. चर्चच्या हॉलचं काम हातात होतं, तिथे मी भिंती छातीपर्यंतच रंगवून ठेवल्या होत्या. वरचा भाग तसाच पांढरा. ऑपरेशन झालं नाही, तर माझं काम कायमचं संपलं हे मला कळत होतं, आणि खरं सांगतो, मला भीती वाटत होती.

म्हणून मी माझ्या विमा कंपनीला पहिला फोन लावला. कंपनीची बाई फार गोड बोलली. म्हणाली, "संभाषण रेकॉर्ड होतंय हं. कसे आहात आज?"

"एकदम मजेत! तक्रार काहीच नाही!"

"आणि खांदा?"

"आहे आपला. थोडा कुरकुरतो. लोकांचं याहून वाईट असतं हो!"

पुढच्याच आठवड्यात उत्तर आलं. आपण मजेत आहात, आपली काहीच तक्रार नाही, हे ऐकून कंपनीला आनंद झाला आहे. भरपाई शून्य.

मार्लिसने पत्र वाचलं आणि फोन उचलला. तिने सरळ मिल्वॉकीहून वकीलच आणली. पॅम ड्रेक्सलर! बाई कुजबुजली तरी शेजारच्या गोठ्यातली गाय दचकावी असा आवाज.

"टॉलेफसन, नीट ऐका! आजपासून कोणीही कसे आहात विचारलं, तर काय म्हणायचं?"

"मजेत?"

"वाईट! वाईट म्हणायचं! म्हणा!"

"वा... तसं बरंच आहे की."

"वाईट!!"

तासभर तालीम झाली. मग बाईंचा हुकूम सुटला, की गावात फिरा आणि सवय करा. मी आज्ञाधारक माणूस. शुक्रवारी तळलेल्या माशांच्या जेवणाला क्लबात गेलो. दारातच वाढपीण म्हणाली, "काय व्हर्न, कसा आहेस?" मी डोळे मिटले आणि म्हणालो, "वाईट."

सगळ्या क्लबाच्या माना माझ्याकडे वळल्या! एकाच्या हातातला काटा ताटात पडला. आमच्याकडे पाय तुटलेला माणूससुद्धा "चाललंय" म्हणतो. त्यातला एक उठून "वाईट" म्हणतो, म्हणजे याचे दिवस भरले, असा साधा हिशोब लोकांनी केला.

दुसऱ्या दिवशी दारात, आमच्याकडे मयताच्या घरी नेतात त्या बटाटे-चीजच्या गरम पातेल्यांची रांग लागली. पाद्रीसाहेब येऊन माझा डावा हात बराच वेळ धरून बसले. जाताना मार्लिसला हळूच म्हणाले, "त्यांना कोणतं भजन आवडतं?" आणि मग आला ड्वेन. मुसमुसत. हातात धुरी दिलेल्या माशांचं पुडकं.

"व्हर्न, मी तुला मारलं रे! मी दुकान विकतो, गाडी विकतो..."

आता हे कोणाला बघवेल? मी म्हणालो, "अरे वेड्या, रडतोस काय? मी ठणठणीत आहे!"

"माझं मन राखायला बोलतोयस."

त्याला काही पटेना. म्हणून रविवारी प्रार्थना संपल्यावर मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात सांगितलं, "मित्रहो, माझी प्रकृती उत्तम आहे! काळजी नसावी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. ड्वेनने डोळे पुसले. मला कसं अगदी हलकं वाटलं.

आमच्या चर्चची प्रार्थना इंटरनेटवर थेट दिसते, हे मात्र मी विसरलो होतो. कंपनी विसरली नव्हती.

तडजोडीच्या बैठकीत कंपनीचा वकील डिनुन्झिओ याने आधी तेच चित्रण लावलं. पडद्यावर मी, प्रकृती उत्तम, वर टाळ्या! पॅमबाईंनी कपाळाला हात लावला. हा डिनुन्झिओ होता न्यू जर्सीचा, म्हणजे जन्मापासून घासाघीस करणारा. त्याने घसा साफ केला. "तरीही माणुसकी म्हणून दहा हजार डॉलर देतो."

आता आमच्याकडे कोणी काही देऊ केलं, की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. केकचा तुकडा असो नाहीतर कोणी घरी सोडतो म्हणालेलं असो, पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा हावरट! माझ्या तोंडून आपोआप गेलं, "छे छे! एवढे कशाला?"

पॅमबाईंनी टेबलाखालून लाथ मारली. पण डिनुन्झिओचा चेहरा बदलला. त्यांच्या गावी म्हणे माणूस ओरडला तर सौदा जमतो. हसून "एवढे कशाला" म्हणणारा माणूस त्याने जन्मात पाहिला नसावा.

"तीस," तो म्हणाला.

"अहो, खरंच नको. राहू द्या. तुमचीही काही अडचण असेल!"

त्याने टायची गाठ सैल केली. "मला धमकी देताय?"

"नाही हो! कॉफी घेता का? फार घाम आलाय तुम्हाला."

"साठ!" तो ओरडला.

झालं की तिसऱ्यांदा! आता नाही म्हणणं म्हणजे उद्धटपणा. "बरं, तुम्ही इतका आग्रहच करताय तर..." असं म्हणून मी डावा हात पुढे केला. साठात ऑपरेशन बसत होतं, वर्षभराचं बुडालेलं कामही निघत होतं. माझे डोळे भरून आले.

बाहेर आल्यावर पॅमबाई इतक्या हळू बोलल्या, की मी घाबरलोच. "टॉलेफसन, तो लाखाची परवानगी घेऊन आला होता. आणखी एकदा नको म्हणाला असतात तर?"

"अहो, पण तिसऱ्यांदाही नको म्हटलं तर देणाऱ्याला काय वाटेल!"

"भीड भिकेची बहीण," मार्लिस म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

ऑपरेशन छान झालं. शुद्धीवर आलो, तर खांद्यात कोणी तापलेली कुदळ चालवतंय असं वाटत होतं. नर्स धावत आली. बिचारीला सकाळपासून बसायला मिळालेलं दिसत नव्हतं.

"दुखणं शून्य ते दहात किती? दहा म्हणजे असह्य. त्यावर औषध ठरवते."

"दोन," मी म्हणालो. मग आपण जरा जास्तच सांगितलं असं वाटून घाईघाईने म्हणालो, "नाहीतर दीडच लिहा."