सांडूच्या चेहऱ्यासाठी बत्तीस जीबी

साल दोन हजार तेवीस. त्या वर्षी आमच्या औरंगपुऱ्यातल्या दुकानातली हार्ड डिस्क बदलली. त्याची साक्षीदार मी आहे.

माणसाचं मोठेपण त्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांचे किती चेहरे आहेत यावर ठरतं, हे आता सर्वमान्य आहे. पूर्वी स्वभाव पाहत. तो मोजायला अवघड जाई.

तेव्हा या दुकानात आमचा फोटो स्टुडिओ होता. निगेटिव्हवरचे देवीचे व्रण मी पेन्सिलीनं बुजवत असे. एका चेहऱ्याला एक दुपार लागे आणि तेवढ्यात त्या माणसाविषयी थोडी माया उत्पन्न होई. (कामातली ही त्रुटी आता दूर झाली आहे.)

हल्ली माझा मुलगा ऋतुराज तिथं फ्लेक्स छापतो आणि फुलंब्रीहून रोज येणारी निशा ते संगणकावर जुळवते. येत्या रविवारी भावी नगरसेवक साहेबराव यांचा वाढदिवस होता. साठ चेहरे व्यवस्थित बसले. एकसष्टावा टाकला की संगणक गोठे. तीनदा टाकला, तीनदा गोठला.

एकसष्टावा म्हणजे सांडू, साहेबरावांच्या प्रत्येक सभेला खुर्च्या मांडणारा. तो काउंटर धरून उभा होता.

"आक्का, रविवारी पैठणचा व्याही येतोय. माझं घर हर्सूलला, साहेबांचा बोर्ड लागतो त्या नाक्यावरच उतरणार. पोरीला सासरी रोज ऐकावं लागतं, तुझ्या बापाला कोण वळखतं म्हणून. मी सांगून बसलोय, बोर्डावर बघा म्हणावं."

"अन् नाय लागला तर?"

"तर पोरीनं तोंड कुठं दाखवावं?"

प्रश्न गंभीर असल्यानं समिती नेमली. सदस्य: ऋतुराज, संगणकाचे सुटे भाग विकणारा आकाश आणि साहेबराव (पदसिद्ध). चहा माझ्याकडे, म्हणजे सचिव मी.

आकाशनं समजावलं, "मेमरी म्हणजे टेबल अन् डिस्क म्हणजे कपाट. टेबलावर मावलं नाय की मशीन सारखं कपाटाकडं धावतं. अन् तुमचं कपाट म्हातारं झालंय, लई फिरतं तेव्हा त्याला सापडतं." हे तो माझ्याकडे बघून म्हणाला. "आठ जीबीचं टेबल बत्तीसचं करा. कपाट न फिरणारं घ्या, एसएसडी."

निशा म्हणाली, "दादा, आपण दर साली मागल्या सालचीच फाइल उघडतो. कुणी साहेबांना सोडून गेलं की त्याला काढत नाय, नुसतं लपवतो. एका साली चेहरे कमी पडले तेव्हा तुम्ही गिऱ्हाइकांचे पासपोर्ट फोटो बी घातले होते. असे दोनशे चौदा जण आत दडून बसलेत. ते काढा, सांडूकाका आत्ता बसतील."

समितीनं चहाचे कप खाली ठेवले.

"काढायचे?" साहेबराव म्हणाले. "येडी का काय तू? उद्या परत आले तर?"

सूचना बरोबर असल्यानं एकमतानं फेटाळण्यात आली.

शनिवारी नवा माल बसला. फाइल उघडायला आधी अकरा मिनिटं लागत (चहा दोन, भांडण एक). आता चाळीस सेकंद (फक्त भांडण). सांडू पहिल्या झटक्यात बसला. त्याचे डोळे भरून आले. साहेबरावांचेही आले, पण वेगळ्या कारणानं.

"एवढी जागा हाय, तर लपलेले बी आणा बाहेर. सगळ्यांना माफी!"

एकूण चेहरे दोनशे पंचाहत्तर झाले. त्यांत तीन मयत होते आणि साहेबरावांवर दावा लावलेले एक गृहस्थ. फ्लेक्स मात्र तेवढाच, वीस बाय दहा. साहेबरावांना लहान करणं रीतीला धरून नव्हतं, म्हणून बाकीचे लहान केले. पुरीएवढा सांडू बत्ताशाएवढा झाला.

रविवारी व्याही हर्सूलच्या नाक्यावर उतरले. वीस मिनिटं शोधूनही सांडू सापडेना. शेवटी सांडू स्वतःच, ऋतुराजनं फ्लेक्स बांधायला आणलेल्या शिडीवर चढला आणि चेहऱ्याला चेहरा लावून ओरडला, "ह्यो बघा! ह्यो मी!"

"व्हय व्हय, उतरा आता," व्याही म्हणाले, आणि एकदम थबकले. "अन् तुमच्या वरच्या ओळीत... ह्यो तर मी!"

त्यांनी कधी काळी आमच्याकडे पासपोर्ट फोटो काढला होता. साहेबरावांना त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. आता ते रागावणार, म्हणून ऋतुराज दोन पावलं मागं सरला. व्याही मात्र छाती काढून सांडूला म्हणाले, "बघा, इथं बी वळखतात आपल्याला."

पुढे काय झालं ते सांगते. सांडूच्या पोरीला आता सासरी कुणी टोमणा मारत नाही. एका बोर्डावरच्या माणसांना काय बोलणार? (सणावारी व्याही तेवढी वरच्या ओळीची आठवण करून देतात.) साहेबराव अजून भावीच आहेत. निशा पुण्याला गेली; तिथं लोकांच्या फोटोंतून मागची नको असलेली माणसं काढते आणि सुखी आहे. आकाश आता चौसष्ट जीबी घ्या म्हणतो. जुनी डिस्क माझ्या खणात, चष्म्याच्या डबीखाली आहे.

तुम्हीही कधीतरी औरंगपुऱ्यात पासपोर्ट फोटो काढला असेल. बोर्डावरून काढून टाका असं सांगायला आजवर कुणीही आलेलं नाही. येतात ते एवढंच विचारतात, जरा मोठा करता येईल का. दुकान दहाला उघडतं.