दगडूकाकांची चौकशी

“वांगं सुटलं. आजपासून टँकरच्या पाण्याची चौकशी.”

डेअरीच्या रांगेत मी किटली धरून उभी होते. आत दगडूकाका मापाड्याला हे सांगत होते.

काका भूम तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेचे तपासनीस. थेंबभर दूध अंगठ्याच्या नखावर घ्यायचे, नख तिरकं करायचे आणि जाहीर करायचे, “तांब्याभर पाणी. घरी न्या.” दुष्काळात पाणी दुधापेक्षा दुर्मीळ झालं, तरी त्यांचा संशय आटला नाही.

दोन वर्षांपासून त्यांची बोटं सुजून वाकडी होत होती. सकाळी मूठ वळायची नाही. त्यावर त्यांचं एकच म्हणणं, “भेसळ हाय कुठं तरी.” मग एक आरोपी धरायचा आणि महिनाभर वर्ज्य करायचा. चिंच, दही, वांगं, लोखंडी खाट. सगळे निर्दोष सुटले.

सुटली नव्हती फक्त त्यांच्या धाकट्या बहिणीची, गयाआत्याची भाकरी. पलीकडच्या गल्लीतून ती रोज आणून द्यायची. “तुझ्या पिठातच काय तरी हाय,” म्हणून काकांनी तिला दारातूनच परत लावलं. तेव्हापासून ती डेअरीत दूध घालायची, पण भावाकडं बघायची नाही. काकांना घरात दुसरं कुणी नव्हतं. त्या बोटांनी पीठ मळता येईना, म्हणून ते मुरमुरे खायचे.

शेवटी ते सोलापूरला दाखवून आले. तिथल्या डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी वाचायला त्यांनी मला बोलावलं. चार माणसांत बोलायचं मी टाळते. वाचायचं असेल तर निभावतं.

“काका, सांध्यात हाडांच्या टोकांवर मऊ कूर्चा असते. रोगाशी लढायला रक्तात जे तयार होतं, तेच तुमच्या कूर्चेच्या पेशींना परकं समजून त्यांच्यावर उठलंय, असं डॉक्टरांना वाटतं.”

“आन् भायेरून काय आलं?”

“काहीच नाही.”

“पान्यातून? पिठातून?”

“नाही, काका.”

“बरं व्हईल?”

“गोळ्यांनी दुखणं कमी होईल. बोटं सरळ होणार नाहीत.”

बोटांचं त्यांनी ऐकलंच नाही. “म्हंजे गया निर्दोष,” म्हणाले आणि चिठ्ठीची घडी करू लागले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “पोरी, तू सांग तिला. मला तोंड न्हाय.”

दुसऱ्या सकाळी रांगेत आत्या माझ्या पुढं होती. मागं दहा बायका. काकांनी तिचं दूध ओतून घेतलं. दोघांपैकी कुणीही मान वर केली नाही. आत्या रिकामी किटली उचलून वळली.

“आत्या,” मी म्हणाले. सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या.

“भाकरीत काही नव्हतं. काका उपाशी आहेत.”