थप्पीवरचे रामटेके साहेब

आमचे रामटेके साहेब तांदळाच्या पोत्यांवरून अनवाणी चालत. अगदी वरच्या थरावरून, छपराचा पत्रा डोक्याला लागू नये म्हणून कमरेत वाकून, पँट पोटऱ्यांपर्यंत दुमडून. खाली गिरणीमालक, त्याचा मुनीम आणि बँकेतर्फे मी, असे तिघं माना वर करून उभे. मध्येच ते थांबत, एका पायावर भार देत, डोळे मिटत आणि मला म्हणत, "शिंदे भाऊ, इथी कोंडा आहे."

आणि कोंडाच निघे! थप्पीच्या चारी बाजूंनी तांदळाची पोती रचायची आणि पोटात कोंड्याची भरायची, ही युक्ती काही बिलंदर कर्जदारांना चांगली ठाऊक होती. साहेबांना हे कसं कळतं म्हणून मी एकदा बूट काढून वर चढलो. माझ्या पायाला तांदूळ, कोंडा सगळं सारखंच लागलं आणि वर पायमोज्यात एक मुंगळा शिरला.

"पायाले समजते," एवढंच साहेब म्हणाले.

ही गोष्ट गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता तेव्हाची. मी साताऱ्याकडून बदली होऊन आलेला कारकून, आणि नको तिथं नाक खुपसायची मला जन्मजात खोड. साहेब कर्ज विभागाचे अधिकारी. गोदामाच्या राखणीपासून सुरुवात करून ते खुर्चीपर्यंत आले होते. धान असो, सागवान असो की तेंदूपत्ता, व्यापाऱ्यानं जो माल तारण ठेवून पैसे उचलले तो जागेवर आहे ना, आणि पैसे बुडालेच तर तो विकला जाईल ना, हे बघण्यात त्यांची हयात गेली होती.

नोकरी पाचला सुटायची, पण तपासणी सुटत नसे. कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर टकटक, मग खुर्ची उलटी करून बूड बघणं. लग्नाच्या पंगतीत भाताची मूठ नाकाशी नेऊन तांदूळ जुना की नवा ते यजमानाला सांगणार. आणि प्रत्येक वस्तूला त्यांचा एकच प्रश्न, "उद्या विकाले काढलं तं घेईन कोन?" शाखाधिकाऱ्यांच्या सोफ्याला त्यांनी हा प्रश्न विचारला, माझ्या सायकलीला विचारला, माझ्या हार्मोनियमलाही विचारला. हार्मोनियमच्या बाबतीत त्यांचं काही चूक नव्हतं.

कर्जदाराचा चहा ते घेत नसत. "त्याचा चहा पेला का माल जास्त दिसते," असं म्हणून ते स्वतःचा थर्मास नेत आणि उलट कर्जदारालाच चहा पाजत. मोठमोठे शेठ त्या झाकणातला कोमट चहा मुकाट पीत.

एकदा आरमोरीच्या एका गिरणीत आम्ही गोदाम तपासलं, बँकेचं कुलूप ठोकलं, लाखेचं सील केलं आणि गडचिरोलीला परतलो. तासाभरात गिरणीचा माणूस धापा टाकत बँकेत हजर. मुनीम आतच राहिला होता! थप्पीमागच्या गारव्यात त्याचा डोळा लागला होता आणि आम्ही त्याच्यासकट माल सील केला होता. साहेब किल्ली घेऊन मिळेल त्या गाडीनं धावले. सील फोडलं, घामानं निथळलेल्या मुनिमाला बाहेर काढून थर्मासमधला सगळा चहा त्याला पाजला. त्यानं चौथं झाकण संपवल्यावर साहेब बूट काढू लागले.

"आता काऊन, साहेब?" मालक रडकुंडीला आला.

"दार उघडलं ना भाऊ. पुन्हा पाहा लागते."

अशा माणसाच्या घरात लग्नाची मुलगी होती. मित्रा तिचं नाव, साहेबांची एकुलती एक लेक, शाळेत शिक्षिका. आई लहानपणीच गेलेली. साहेबांनीच तिच्या वेण्या घातल्या, साहेबांनीच तिला पोळ्या शिकवल्या. आता स्थळं येत होती आणि साहेब ती बघायला, म्हणजे तपासायला, जात होते. एका घरी भिंतीवर टकटक करून म्हणाले, "भितीत पानी मुरून राह्यलं." दुसऱ्या घरी तीन कपाटं होती, त्यातलं एक शेजाऱ्याचं आहे हे त्यांनी किल्ली मागून शोधून काढलं. तिसरा मुलगा नोकरदार, निर्व्यसनी, पण त्याच्या दोन बहिणी लग्नाच्या. "पोरावर आधीचाच बोजा आहे." चौथ्या घरी तर काहीच सापडलं नाही, तेव्हा "लय चकचकीत आहे, म्हंजे कायतरी आहे," म्हणून परतले. बँकेत आम्ही पैजा लावू लागलो. ह्यांना हवंय तरी कसं घर, हे मला कळेना.

एक दिवस मित्राच बँकेत आली.

"शिंदे भाऊ, तुमी बाबासोबत जिवतीले जाजा. गौतम माह्याच शाळेत मास्तर आहे, त्याचं घर तिथी आहे. मले त्याच्याशीच लग्न करायचं आहे. बाबा नाई म्हनतीन तं मी त्याहिचं मन मोडनार नाई. पन मंग दुसरं कोनतं स्थळ पाहूच नका म्हना."

चंद्रपूर, गडचांदूर असं करत, डोंगर चढून आम्ही जिवतीला पोचलो. गौतमचं घर दुष्काळात मराठवाड्यातून येऊन तिथं वसलेलं. कुडाच्या भिंती, वर पत्रे, समोर कोरडवाहू तुकडा. साहेबांनी भिंतीवर टकटक केली, तर मातीचा पोपडाच हातात आला. माझा धीर सुटला.

"जागेचा कागद?" साहेबांनी विचारलं.

"कागद न्हाई, साहेब," गौतमची आई म्हणाली. "हितं कुनाच्याच घराला न्हाई."

कागद नाही, भिंत नाही, कपाट तर नाहीच. साहेब तपासत तपासत परसात गेले आणि थांबले. तिथं हिरव्या बांबूच्या तट्ट्यांची नवीकोरी न्हाणी उभी होती. तळाला सपाट फरशी, आणि दाराला आतून कडी.

"हे कवा बांधलं?"

"परवा झालं. आमी बाया वढ्यावर जातो. शाळेतल्या बाई यायच्या, त्यास्नी उघड्यावर कसं जमंल?"

"पन बाई, अजून ठरलं कुठी आहे?"

"न्हाई ठरलं तर मी नाहीन की त्यात," ती हसून म्हणाली. "माझ्या तरी कुठं जन्मात व्हती?"

साहेब न्हाणीत शिरले. आतून कडी लावल्याचा आवाज आला. आम्ही बाहेर उभे, गौतम बिचारा अंगठ्यानं माती उकरतोय. शेवटी कडी निघाली. साहेबांचे डोळे लाल होते आणि ते रुमालानं चष्मा पुसत होते.

"शिंदे भाऊ, बँकेनं याच्यावर पाच रुपये नसते देल्ले," ते मला म्हणाले. मग गौतमच्या आईसमोर जाऊन त्यांनी हात जोडले. "जयभीम, बाई. पोरगी देल्ली."

मला इतका आनंद झाला की मी गौतमला मिठीच मारली.

परतीच्या गाडीत, गडचांदूर मागं पडल्यावर, साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्या घराइत खोट नव्हती, भाऊ. चारही घरं चांगली होती. मीच उगा ठोकत राह्यलो."

कोंडा ओळखणाऱ्या त्या माणसाला आपलंच मन इतक्या उशिरा कळलं होतं, आणि मला त्यांची फार माया आली.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुमाले डब्बा कोन देते?"

"आमच्या गल्लीतल्या एक बाई देतात."

"एका मानसाचा देतीन का? का दोघाचा घ्या लागते?"

"एकाचाही देतात, साहेब."

त्यांनी मान हलवली. गाडी चंद्रपूरच्या स्टँडात शिरली. उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "त्याहिले तिखट कमी टाकाले सांगजा. मित्रा कमीच टाकते."