ब्रिनच्या खोलीचं भाडं

ड्वेन हॉलवरला कुठलाही निर्णय घाईने घेतलेला आवडत नसे. अंगणातलं गवत कापायचं मशीन घ्यायचं म्हणून त्याने मे महिन्यात चौकशी सुरू केली, आणि मशीन घरी आलं तेव्हा बाहेर बर्फ पडत होता. (मशीन उत्तम निघालं, हे तो अजून सांगतो.)

अशा माणसाला त्याच्या एकुलत्या एका मुलीने, ब्रिनने, भर हिवाळ्यात पेचात टाकलं. तिला दोन कॉलेजांत प्रवेश मिळाला होता. एक आमच्या आयोवातलंच, घरापासून दोन तासांवर. दुसरं ऑरेगनमध्ये, थेट समुद्रकाठी. ब्रिनला खडकांच्या डबक्यांत राहणाऱ्या समुद्री जीवांचा अभ्यास करायचा होता, आणि आयोवात मक्याची शेतं कितीही लांबवर पसरलेली असली तरी त्यांना भरती येत नाही. अडचण एवढीच, की परराज्यातल्या मुलांना तिथली फी तिप्पट.

"समुद्र काय, सुट्टीत जाऊन बघता येतो," ड्वेन म्हणाला.

"बाबा, मला तो बघायचा नाहीये. शिकायचाय."

"आणि पुढे पगार तिप्पट मिळणार का?"

"खेकड्यांकडून? नाही बहुतेक."

ड्वेन गावातल्या शाळांचे हीटर दुरुस्त करायचा आणि त्याची बायको मार्ला दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायची. त्या दोन पगारांत तिप्पट हा शब्द बसवायचा म्हणजे हत्तीला मोजे घालण्यासारखं होतं. मार्लाला विचारलं तर ती म्हणे, "तू ठरव. काय चुकलं ते मी नंतर सांगते."

मार्चपर्यंत ड्वेनने आयोवाची बाजू जोरात लावून धरली. मग एके दिवशी जिन्यावरून खाली येताना त्याला ब्रिनच्या खोलीचं दार अर्धं उघडं दिसलं. ती ऑरेगनच्या किनाऱ्याचं कुठलंतरी चित्रीकरण बघत होती. आवाज बंद करून, बाबाला ऐकू जाऊ नये म्हणून. तळघरात जाऊन त्याने काही न बिघडलेला हीटर खोलून पुन्हा जोडला, आणि त्या खटाटोपात त्याच्या डोक्यात आलं, की पोरगी गेली तर तिची खोली रिकामी होईल. ती भाड्याने दिली तर? द्यायची असं नाही. नुसतं विचारून ठेवायला काय हरकत आहे?

सगळा घोळ या 'नुसतं विचारून ठेवण्या'ने केला.

शनिवारी तो लेस्टरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. मार्ला त्याच दिवशी सकाळी बहिणीकडे गेली होती. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. ड्वेनने आधी खिळे मागितले (खिळे घरी भरपूर होते) आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "लेस्टर, समजा एखाद्या घरातली एक खोली रिकामी होणार असेल, तर आपल्या गावात भाडं काय येईल?"

"कुणाच्या घरातली?"

"समजा, माझ्या."

"कोण चाललंय?"

ड्वेन सावध झाला. ब्रिनच्या कानावर जायला नको होतं. खाली मान घालून तो म्हणाला, "ते मला आत्ता सांगता येणार नाही. फार नाजूक आहे."

लेस्टरने खिळ्यांचे पैसे घेतले नाहीत. ड्वेनला वाटलं, काय भला माणूस आहे.

रविवारी दुपारी दार वाजलं. बाहेर शेजारच्या आर्लीनबाई, हातात चीज घालून भाजलेल्या बटाट्यांची भली मोठी थाळी. "काही बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "फक्त जेव." थाळी देऊन, त्याच्या गालावर हात ठेवून त्या निघून गेल्या. पाठोपाठ समोरच्या घरातून नूडल्स आणि टूना मासा आला. मग मागच्या घरातल्या, ज्यांच्याशी कुंपणावरून दोन वर्षं अबोला होता, त्या बाईंनी कोंबडी-भात आणला आणि कुंपणाचं सोडून द्या म्हणाल्या. आमच्याकडे घरावर आपत्ती आली की लोक शब्दांऐवजी चीज आणतात. पण ड्वेनला वाटलं, मार्ला दोन दिवस गावाला गेली म्हणून शेजारी आपल्या पोटाची काळजी घेताहेत. त्याने मनोभावे कोंबडी-भात खाल्ला.

तेवढ्यात गावातल्या चर्चचे पास्टर एल्डन आले. कोचावर अगदी जवळ बसले आणि खांद्यावर हात ठेवला.

"ड्वेन, मी ऐकलं. ती चाललीय."

ड्वेन चपापला. लेस्टरला अंदाज आला होता म्हणजे. "अजून नक्की नाही, पास्टर. पण मन तिकडेच लागलंय तिचं."

"फार दिवसांपासून?"

"बरीच वर्षं असणार. माझ्याच लक्षात आलं नाही."

"इथे काय कमी पडलं तिला?"

"समुद्र."

संसार मोडण्याची पुष्कळ कारणं पास्टरांनी ऐकली होती, पण हे नवीन होतं. "आणि ती गेल्यावर तिचा खर्च?"

"मीच करणार. तिप्पट आहे, पण करीन. थोडं कर्ज काढीन, खोली भाड्याने देईन."

"तिच्यावर राग नाही तुमचा?"

"राग कसला? तिला आनंद मिळत असेल तर जाऊ दे. नाताळाला येईलच की घरी. उन्हाळ्यातही येईल."

पास्टरांनी डोळे पुसले. "इतका मोठ्या मनाचा माणूस मी पाहिला नाही. पण ब्रिनचं काय? तिला सांगितलंत?"

"ब्रिनला?" ड्वेन म्हणाला. "पास्टर, आपण इतका वेळ कुणाबद्दल बोलतोय?"

पास्टर तोंड उघडणार तोच वरच्या मजल्यावरून आवाज आला, "कपाट जरा लहान आहे, पण ऊन छान येतं."

तो ब्रिनचा आवाज होता. ड्वेन जिना चढून धावत वर गेला. ब्रिनच्या खोलीत हार्लन स्टब्बी उभा होता. हार्लन म्हणजे शाळेच्या बसचा निवृत्त ड्रायव्हर. ब्रिनला पहिलीपासून त्यानेच शाळेत सोडलं होतं. मागच्या दाराने आला, ब्रिन भेटली, आणि त्याने सरळ सांगितलं, की तुझा बाबा खोली देतोय म्हणे, बघायला आलोय. ब्रिन त्याला खिडक्या उघडून दाखवत होती. चेहरा अगदी कोरा.

"ड्वेन," हार्लन म्हणाला, "खोली पसंत आहे. फक्त भिंतीवरच्या चित्रातला तो आठ पायांचा प्राणी काढायला लागेल. माझ्याकडे टक लावून बघतोय."

हार्लन खाली गेल्यावर ब्रिन पलंगाच्या कडेला बसली.

"मला काढायचं होतं तर मला सांगायचंस," ती म्हणाली. "मी तर इथलंच कॉलेज घ्यायचं ठरवलं होतं. दर शनिवार-रविवार घरी येणार होते."

"इथलं? कधी ठरवलंस?"

"तू रोज जेवताना तिप्पट तिप्पट म्हणायला लागलास तेव्हाच. आणि मी गेले तर तू तळघरातून वरच येणार नाहीस."

ड्वेन तिच्या शेजारी बसला. हिवाळाभर त्याने आयोवाची वकिली केली होती आणि आज ती केस जिंकली होती. त्याला अजिबात बरं वाटेना.

"खोली तुला काढायला नाही गं," तो म्हणाला. "तुला तिकडे पाठवायला देत होतो. निदान पुस्तकांचा खर्च निघेल म्हणून."

ब्रिन त्याच्याकडे सरकून बसली.

"एक सांग," ड्वेन म्हणाला. "दोन्हीकडे फी सारखीच असती, तर कुठे गेली असतीस?"

ब्रिनने खिडकीकडे तोंड फिरवलं. खिडकीबाहेर बर्फ वितळून काळं पडलेलं शेत होतं. ती तिकडे बघत होती, पण तिला शेत दिसत नव्हतं, एवढं ड्वेनला कळलं. मशीन घ्यायला सात महिने लावणाऱ्या माणसाने हा निर्णय मात्र तिने मान वळवायच्या आत घेतला.

"मग झालं तर," तो म्हणाला.

"पण बाबा, एवढे पैसे वसूल होतील का?"

"माहीत नाही. तुझे दात सरळ केले तेव्हाही मी हेच विचारलं होतं. आता तू हसलीस की विचारत नाही."

ती हसली, आणि मग रडली, आणि खाली पास्टर आणि हार्लन यांनी दोघांत मिळून टूना संपवला.

संध्याकाळी मार्ला घरी आली. आपण नवऱ्याला सोडून गेल्याचं तिला वाटेत पेट्रोल भरतानाच समजलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं, एवढंच म्हणाली, "निर्णय बरोबर आहे. पद्धत चुकली." दुसऱ्या दिवशी तिने ऑरेगनच्या कॉलेजला फोन लावला आणि फोनवरच्या बाईला दवाखान्यातल्या सवयीने इतक्या गोडीत धरून ठेवलं, की फीमध्ये थोडी सूट पदरात पडली. उरलेल्यासाठी कर्ज, ब्रिनची उन्हाळ्यातली नोकरी आणि हार्लनचं भाडं.

ऑगस्टमध्ये तिघं गाडीने ऑरेगनला गेली. ब्रिनने दोघांना आधी किनाऱ्यावर नेलं. ओहोटी होती. तिने एका डबक्याशी ड्वेनला गुडघ्यांवर बसवलं आणि बोटाएवढा एक खेकडा दाखवला. तो खेकडा दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड करून राहतो, हे सांगताना तिचे डोळे असे चमकत होते, की ड्वेनला खेकडा नीट दिसलाच नाही.

निरोप घेताना रडायचं नाही, असं त्याने वाटेतच ठरवलं होतं, आणि तो रडला नाही. वसतिगृहाच्या खोलीतला हीटर तपासला, ब्रिनला घट्ट मिठी मारली आणि ताठ मानेने चालत गाडीत येऊन बसला. मागच्या सीटवर उशा आणि पांघरुणांचा ढीग होता. मार्ला तिथे आडवी झाली असणार. बिचारीला बोलवत नसेल. ड्वेनने गाडी सुरू केली. गाव मागे पडल्यावर त्याचा बांध फुटला. नाक ओढत तो मागे न बघता बोलत राहिला, की मार्ला, पैसे गेले तर जाऊ देत, आपण बरोबर केलं, आणि तू नसतीस तर मला हे काही जमलं नसतं. मार्ला काही बोलली नाही. तिच्या मौनाने तो आणखीच हेलावला.

डोंगर लागायच्या सुमारास फोन वाजला. ब्रिन होती.

"बाबा, रडून झालं का?"

"मी कुठे रडतोय?"

"बरं. मग गाडी वळव. आई इथे माझी चादर घालत होती, तू तिला विसरून गेलास."

ड्वेनने गाडी कडेला घेतली आणि मागे वळून पाहिलं. उशा होत्या.

"चिडलीय का गं?" त्याने हळूच विचारलं.

पलीकडे थोडी कुजबुज झाली.

"नाही," ब्रिन म्हणाली. "आई म्हणते सावकाश ये. एवढी तिप्पट फी भरलीय, तर ती जरा पलंगावर पडून घेते."